गोळ्याची वाट

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून बाहेर पडणारा रेल्वेचा रूळ हा सरळपणाचा नमुना होय. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी रूळ लाटण्याची गिरणी सुरू झाली. तेव्हापासून देशातील लोहमार्गांवर भिलाईचेच रूळ प्रामुख्याने पसरलेले आहेत. धगधगत्या लोखंडाला अशी सरळ रेषा शिकविणे माणसाला साधले. पण त्याच लोखंडाची नळी करून तिच्यातून जी वस्तू तो फेकतो, ती वस्तू मात्र सरळ रेषेत जाण्याचे साफ नाकारते. बंदुकीची गोळी असो, तोफेचा गोळा असो, तिची वाट वाकडीच. ही वाट किती वाकते आणि त्याला उपाय काय, या प्रश्नाशी मराठ्यांच्या इतिहासातील एका फार दुःखद दिवसाचा संबंध आहे. आणि त्या इतिहासाचे एक टोक खुद्द भिलाईच्या दारात येऊन पोहोचते.

भिलाईला लागूनच दुर्ग हे जिल्ह्याचे गाव आहे. गावाच्या नावातच किल्ला आहे आणि एका पुरातन मातीच्या कोटाचे अवशेष तेथे होते. १७४१ च्या सुमारास नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य छत्तीसगडात उतरले, तेव्हा त्यांनी या दुर्गच्या उंचवट्यावर आपला तळ दिला आणि तेथून भोवतालचा मुलूख हाताखाली घातला. या मोहिमेचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर. हैहय राजांची राजधानी रतनपूर हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. राजा रघुनाथसिंह वृद्ध झालेला, पुत्रशोकाने खचलेला. त्याच्याकडून प्रतिकार असा झालाच नाही. भास्करपंताने तोफा लावल्या, राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा राण्यांपैकी एकीने तटावर शरणागतीचे निशाण चढविले आणि दरवाजे उघडले गेले. छत्तीसगडात पुढे शंभरांहून अधिक वर्षे भोसल्यांचा अंमल राहिला, आणि त्या प्रदेशातील जुन्या मराठी घराण्यांची मुळे पुष्कळशी या काळातच रुजलेली आहेत.

रतनपूरचा विजय ही मोठी लढाई नव्हे. येथे तिची आठवण करावयाची ती एका वेगळ्या कारणासाठी. किल्ला हे तोफेचे सर्वांत सोपे लक्ष्य होय. किल्ला मोठा असतो आणि तो जागचा हलत नाही. गोलंदाजाने तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर सारून एक गोळा टाकावा. तो अलीकडे पडला तर पाचर थोडी मागे ओढून तोंड उचलावे. दुसरा पलीकडे गेला तर पाचर पुन्हा थोडी आत ठोकावी. तिसरा किंवा चौथा गोळा तटावर बसला की काम झाले. मग त्याच पाचरीवर दिवसचे दिवस मारा चालू ठेवता येतो. घाई नाही, धांदल नाही. अशा कामाला तोफ जितकी थोर तितकी बरी. दक्षिणेत तोफांचा जो अभिमान वाढला तो याच अनुभवावर. अहमदनगरात १५४९ साली ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर पडून असलेली मुलूखमैदान ही त्या अभिमानाची परिसीमा. तिचे वजन पन्नास टनांहून अधिक आहे. मराठीत जबरदस्त वक्त्याला मुलूखमैदान तोफ म्हणण्याची रीत पडली आहे. तीत आवाजाचे कौतुक आहे, नेमाचे नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आता गोळ्याच्या वाटेकडे वळावे. सामान्य समज असा की बंदुकीची गोळी प्रथम काही अंतर सरळ जाते आणि मग जोर सरला की खाली येऊ लागते. हा समज चुकीचा आहे. नळी सोडल्याच्या क्षणापासून गोळी पडू लागते. समपातळीत रोखलेल्या बंदुकीतून सुटलेली गोळी आणि त्याच क्षणी तितक्याच उंचीवरून हातातून सोडलेला दगड सारख्याच त्वरेने खाली जातात. पहिल्या सेकंदात दोन्ही सुमारे ४.९ मीटर पडतात. गोळी दूर जाते ती केवळ तेवढ्या अवधीत पुष्कळ पुढे धावते म्हणून. यासाठी नेम धरणारा नेहमी नळीचे तोंड लक्ष्याच्या किंचित वर रोखतो. परिणामी गोळी दृष्टिरेषेच्या वर चढते, काही अंतर तशीच वरून जाते आणि उतरत उतरत लक्ष्याला भेटते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील दहा गुणांचे वर्तुळ एका सेंटीमीटरहून किंचित मोठे असते, आणि तेवढ्या ५० मीटरांत त्या लहानशा गोळीची पडझड सुमारे बारा सेंटीमीटर होते. म्हणजे इतक्या जवळच्या लक्ष्यावरही खरोखर सरळ रोखणाऱ्याचा नेम बारा वर्तुळे चुकेल!

अंतर वाढले की ही पडझड अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार झपाट्याने वाढते. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुधनिर्माणीत ७.६२ मिलिमीटरची काडतुसे बनतात. त्या जातीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. तरी एक किलोमीटरवर पोहोचेपर्यंत ती नळीच्या रेषेखाली बारा मीटरांहून अधिक, म्हणजे तीनचार मजली इमारतीइतकी, उतरलेली असते. दोन किलोमीटरांवर मारा करणाऱ्या अवजड रायफलींच्या बाबतीत हा उतार पन्नास मीटरांच्या पलीकडे जातो. शिवाय त्या टोकाला गोळी इतक्या तिरक्या वाटेने उतरत असते की अंतराच्या अंदाजात वीस मीटरांची चूक झाली तर गोळी दीड मीटर वर किंवा खाली जावी. म्हणून अतिदूरच्या नेमबाजीत हाताच्या स्थैर्याइतकेच मोल अंतर अचूक जाणण्याला असते. दुर्बिणीवरची एक चकती मोजून फिरवावयाची आणि नळीचे तोंड हव्या तितक्याच अंशाने उचलावयाचे, हे त्या कलेचे अर्धे मर्म होय.

ही वाट कशी वाकते याचे गणित युरोपात हळूहळू उलगडले. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूची वाट ही एक नियमित वक्ररेषा असल्याचे सिद्ध केले. पण त्याने हवा जमेस धरली नव्हती. हवा म्हणजे काय, एवढ्याशा गोळीला ती काय अडविणार, असे पुढे शंभर वर्षे पुष्कळांना वाटत होते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने हा भ्रम दूर केला. जड लाकडी लंबकावर गोळी मारावयाची आणि लंबक किती मागे झुकतो त्यावरून गोळीचा वेग काढावयाचा, अशी सोपी युक्ती त्याने योजिली आणि १७४२ साली आपला तोफविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. चोवीस पौंडी गोळा गॅलिलिओच्या हिशेबाने सोळा मैल जावयास हवा होता. प्रत्यक्षात तो तीन मैलही जात नाही. उरलेले तेरा मैल हवेने गिळलेले असतात. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने हा ग्रंथ जर्मन भाषेत आणून त्यावर विस्तृत भाष्य केले, यावरून त्याची योग्यता कळावी.

या रॉबिन्सचा शेवट हिंदुस्थानात झाला ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठी त्याला मद्रासेस पाठविले. १७५० साली तो आला आणि वर्षभरातच, जुलै १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने मरण पावला. ज्या माणसाने गोळ्याच्या वाटेचे शास्त्र पायावर उभे केले तो मराठी मुलखापासून काही मजलांवर देह ठेवतो, आणि त्यानंतर दहा वर्षांनी त्याच शास्त्राच्या एका साध्या कलमापायी मराठ्यांचे गोळे वाया जातात!

तो दिवस १४ जानेवारी १७६१ चा. ठिकाण पानिपत.

सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात तोफखान्याचा मुख्य इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली तो तयार झाला, निजामाच्या चाकरीत राहिला आणि पुढे पेशव्यांकडे आला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला त्याच्याच तोफांनी निजामाला नमविले होते. त्यामुळे भाऊंचा भरवसा तोफखान्यावर बसला, आणि तो अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. पानिपतावर खंदक खणून मराठे बसले तेव्हा तटावर मांडलेल्या मोठ्या तोफांनी अबदालीला दोन अडीच महिने दूर ठेवले. खंदकाच्या आत असेपर्यंत मराठ्यांचा तळ हा एक किल्लाच होता, आणि किल्ल्यावरच्या तोफेला काय साधते हे रतनपूरच्या उदाहरणावरून दिसलेच आहे. पण अन्न सरले. जनावरे मेली. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरावे, असे ठरवून सैन्य त्या दिवशी पहाटे खंदकाबाहेर पडले, आणि त्याबरोबर तोफांचे काम पालटले. आता लक्ष्य हलणार होते.

त्या दिवशी समोरच्या गोटात असलेला एक माणूस हे सर्व पाहत होता. काशिराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण, अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी. पुढे त्याने फार्सीत आपली हकीकत लिहिली आणि तिचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून निघाले. मराठ्यांकडे सुमारे २०० तोफा होत्या असे तो सांगतो. अबदालीकडे त्याहून पुष्कळ कमी. मग तो एक बारीकशी नोंद करतो आणि पुढच्या घटनांकडे वळतो. मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि फार जड होत्या, त्यांची पातळी सहज बदलता येत नव्हती, त्यामुळे लवकरच त्यांचे गोळे समोरच्या सैन्याच्या डोक्यांवरून जाऊ लागले आणि मैलभर मागे जाऊन पडू लागले, असा तिचा आशय आहे.

बखरींतील आकड्यांवर आणि आक्रोशांवर पानेच्या पाने खर्ची पडली. या ओळीवर मात्र फार थोड्यांनी विचार केला. वस्तुतः ती पाहणाऱ्याची शुद्ध नोंद आहे, आणि तिचे गणित मांडून पाहिले तर ती तंतोतंत पटते. समजा, एक हजार मीटर दूर असलेल्या फौजेवर तोफ लावली. त्या काळच्या गोळ्याला एवढे अंतर कापावयास सुमारे तीन सेकंद लागत. तेवढ्या अवधीतील पडझड भरून काढण्यासाठी तोफेचे तोंड दोन अंशांच्या आसपास उचलावे लागे. असा गोळा वाटेच्या मध्यावर तीस फुटांहून अधिक उंचीवर असतो. आता समोरची फौज पुढे सरली आणि पाचशे मीटरांवर आली. तोफ तशीच राहिली, तर गोळा त्या फौजेवरून, भालाईत स्वाराच्या भाल्याच्याही कितीतरी वरून, निघून जाणार आणि मागच्या कठीण जमिनीवर टप्पे घेत लांबवर धावणार. शत्रू जवळ आला, म्हणजे धोका वाढला, म्हणजे नेम सोपा झाला असे वाटावे. पण न हलणाऱ्या तोफेपुढे तो जवळ येऊनच सुरक्षित होतो.

आणि दुरुस्ती किती हवी होती? नळीला दोन्ही बाजूंनी जे कान असतात त्यांवर ती झुलते. कानांपासून बुडापर्यंतचे अंतर दीड मीटर धरले, तर दोन अंशांसाठी बूड सुमारे पाच सेंटीमीटर उचलावे लागते. तीन बोटांची पाचर! परंतु काही टनांची नळी पहारीने उचलून धरावयाची, तिच्याखालची पाचर ठोकावयाची, पुन्हा नळी सोडावयाची, प्रत्येक बारानंतर धक्क्याने मागे गेलेला गाडा पुढे ढकलावयाचा, आणि हे सगळे उपाशी माणसांनी, सरकणाऱ्या शत्रूच्या डोळ्यांदेखत करावयाचे. शत्रूच्या उंटांवरची जंबुरके मात्र जनावर बसवावे आणि बार काढावा इतक्या सहजतेने जागा बदलीत होती. त्यांचा गोळा लहान, पण तो माणसांच्या उंचीवरून जात होता.

पानिपत पाचरीमुळे गेले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. अन्नाचा तुटवडा, बुणग्यांचे ओझे, उत्तरेतील मित्रांचे दूर राहणे, भर दुपारनंतर विश्वासरावांना लागलेली गोळी, अबदालीने राखून ठेवलेली ताजी फौज, अशी कारणांची मालिका मोठी आहे. शिवाय इब्राहिमखानाच्या गारद्यांनी त्या दिवशी रोहिल्यांची जी कत्तल केली ती पाहता तोफखान्याचा मुख्य कमी पडला असे कोणी म्हणू नये. तो जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. तेव्हा म्हणावयाचे ते इतकेच, की लढाईच्या ज्या पहिल्या प्रहरात दोनशे तोफांनी शत्रूची फळी खिळखिळी करावयाची, तो प्रहर पुष्कळसा आकाशात गेला. युरोपातही त्या वेळी पाचरीचाच सर्रास वापर होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हालने तोफखान्याची जी प्रसिद्ध सुधारणा केली, ती १७६५ ची, म्हणजे पानिपतानंतरची. त्याने तोफा हलक्या केल्या आणि बुडाखाली मळसूत्र बसविले. मळसूत्राची मूठ फिरविली की नळीचे तोंड केसाकेसाने वर किंवा खाली होते. आजच्या नेमबाजाच्या दुर्बिणीवरची चकती त्याच मळसूत्राचे नाजूक वंशज आहे.

पानिपतानंतर मराठे काही शिकले नाहीत, असे एक वाक्य आपल्याकडे सहज उच्चारले जाते. ते खरे आहे की काय, याची पारख याच मळसूत्रावर करता येते. त्या रणांगणातून पायाला कायमची जायबंदी घेऊन जो तरुण सरदार वाचला, त्याचे नाव महादजी शिंदे. त्याने १७८४ पासून द बॉयन या अनुभवी सेनानीला हाताशी धरून कवायती पलटणे उभारली आणि तोफांच्या ओतकामाला आग्र्यास उत्तेजन दिले. सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्या कामावर होता. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीस वारला. त्याच्या तोफखान्याची खरी तपासणी त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, आणि तीही शत्रूकडून, झाली.

११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दिल्लीसमोर यमुनाकाठी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि ६८ तोफा त्याच्या हाती लागल्या. कंपनीच्या तोफखान्यातील अधिकाऱ्यांनी त्यांची काळजीपूर्वक यादी केली. काही तोफांवर मथुरेचे, काहींवर उज्जैनचे नाव होते. त्या हिंदुस्थानातच ओतलेल्या, पण घाट फ्रेंच पद्धतीचा, आणि कारागिरी कंपनीच्या कोणत्याही शस्त्रागाराच्या तोडीची, असा निर्वाळा त्या यादीत दिलेला आहे. आणि त्यातच एक ओळ अशी, की या तोफांना अगदी नव्या फ्रेंच सुधारणेची, उत्तम घडणीची मळसूत्रे बसविलेली आहेत. काशिराजाच्या ओळीत आणि या ओळीत बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. तीन बोटांचा तो प्रश्न मराठ्यांनी सोडविला होता. पहिली ओळ शाळेतल्या मुलालाही ठाऊक व्हावी आणि दुसरी संशोधकांच्याच कपाटात राहावी, हा मात्र इतिहासलेखनाचा पक्षपात होय.

मळसूत्राने काय फरक पडला हे त्याच महिन्यात दक्षिणेत दिसले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानावर आर्थर वेलस्ली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर चालून गेला. भास्करपंताने ज्यांच्यासाठी छत्तीसगड जिंकले, त्याच भोसल्यांचे निशाण या मैदानावर होते. कैलना नदी ओलांडून येणाऱ्या इंग्रज फौजेवर शिंद्यांच्या तोफांनी असा नेमका मारा केला की वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल जागीच पडले आणि त्याच्या स्वतःच्या तोफा निकामी होऊन मागे राहिल्या. येथे लक्ष्य हलत होते, जवळ येत होते, आणि तरी गोळे डोक्यांवरून गेले नाहीत. सायंकाळपर्यंत वेलस्लीची सुमारे सोळाशे माणसे मेली किंवा जखमी झाली. त्याच्या लहानशा सैन्याचा तो मोठाच वाटा होता. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीने असईची आठवण जन्मभर ठेवली.

तरीही लढाई मराठ्यांनी गमावली. उत्तरेत पेराँने लढाईच्या आरंभीच इंग्रजांकडे आश्रय घेतला होता, कवायती पलटणांतील अनेक इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर चाकरी सोडून गेले होते, आणि असईवर स्वारांच्या प्रचंड समुदायाने लढाईत फारसा भागच घेतला नाही. तोफेला मळसूत्र असते, फौजेला नसते.

मात्र गोलंदाज जागचे हलले नाहीत. इंग्रज पायदळ संगिनी रोखून तोफांच्या रांगेतून पुढे गेले, तेव्हा त्यांतले पुष्कळजण तोफांच्या गाड्यांखाली प्रेतांप्रमाणे पडून राहिले. रांग पुढे सरकताच ते उठले, तोफा फिरविल्या आणि त्यांनी पाठमोऱ्या शत्रूवर पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीला आपले अठ्ठ्याहत्तरावे पलटण आणि देशी घोडदळाचे एक पथक घेऊन स्वतः मागे फिरावे लागले आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्यानंतर महिन्याभराने, १ नोव्हेंबर रोजी, लासवारीला लेकच्या समोरही असेच झाले: गोलंदाज संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफांपाशी उभे राहिले, असे खुद्द लेकने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे.